रेस अटकते

माझ्या मोटारसायकलीत मी खोबरेल तेल घातले, ही हकीकत आजवर मी चौघांनाच सांगितली होती. त्यांपैकी दोघांनी ती राजकमल चौकापासून बडनेऱ्यापर्यंत पोचविली, तेव्हा आता ती या पानावर सांगायला संकोच कसला? शिवाय वर्षभर मी या सदरात दुसऱ्यांच्या फजित्या लिहीत असतो; दिवाळी अंकात तरी स्वतःची लिहावी, अशी सूचना आमच्या घरातूनच आली आहे. सूचना म्हणजे काय ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत घरात झाडाझडती निघाली. माळ्यावरचे डबे खाली आले, खालच्या गाद्या गच्चीवर गेल्या, आणि माझी पुस्तके कुठे गेली ते मला संक्रांतीपर्यंत कळले नाही. अशा वेळी घरातल्या पुरुषाने काहीतरी करताना दिसणे फार अगत्याचे असते. मी मोटारसायकल पुसायला काढली. ही गाडी सोळा वर्षांची, शंभर सी. सी. ची. तिच्या कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात त्या कारखान्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पुसता पुसता लक्षात आले की, उजव्या हाताची मूठ पिळून सोडली म्हणजे ती पूर्वीसारखी ‘टक्’ असा आवाज करून जागेवर येत नाही. येते, पण माझ्या पहिल्या तासाला येणाऱ्या मुलांसारखी. हजेरी संपता संपता, रेंगाळत. आता या रोगावर तेल हे औषध, इतके तर मलाही ठाऊक होते. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी झाडाझडतीत गडप झालेली. समोर ओट्यावर अभ्यंगस्नानातून उरलेली खोबरेलाची बाटली होती. मुठीजवळचे दोन स्क्रू काढले, तारेचे टोक मोकळे केले, आणि फाउंटन पेनात शाई भरायच्या ड्रॉपरने थेंब थेंब करीत बरेच तेल त्या नळीत सोडले. आमची थोरली मुलगी अंगणात रांगोळी काढीत होती. ती मान वर न करता म्हणाली, “बाबा, ते केसांचं तेल आहे.”

“तेल ते तेल,” मी म्हणालो.

आणि खरे सांगतो, गाडी झकास झाली. मूठ लोण्यासारखी फिरू लागली. भाऊबिजेला आलेल्या मेहुण्यांना मी ती दोनदा फिरवून दाखविली.

ज्या वाचकांनी मोटारसायकलची फक्त मागची बाजू वापरली आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मुठीपासून इंजिनापर्यंत एक बारीक पोलादी तार एका लवचिक नळीतून गेलेली असते. सायकलच्या ब्रेकला असते तीच जात. अर्नेस्ट बाउडन नावाच्या इंग्रजाने १८९६ साली तिचे पेटंट घेतले. तारेच्या दुसऱ्या टोकाला, कार्बोरेटरच्या पोटात, वर-खाली सरकणारा एक छोटा दट्टा असतो. मूठ पिळली की तार दट्ट्याला वर ओढते, हवेची वाट मोकळी होते, हवेबरोबर पेट्रोलही जास्त जाते आणि गाडी पळते. मूठ सोडली की दट्ट्याच्या डोक्यावरची स्प्रिंग त्याला खाली दाबते आणि गाडी शांत होते. आता यातली मेख अशी की, तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. दोर लावून बैल ओढता येतो, ढकलता येत नाही, तसेच हे. म्हणजे वेग वाढविणे माणसाच्या मनगटात असते. कमी करणे मात्र त्या बोटाएवढ्या स्प्रिंगच्या मर्जीवर. मोठ्या गाड्यांना म्हणून दोन तारा देतात, एक उघडायला आणि एक मिटायला. आमच्या गरिबाच्या गाडीला एकच.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल मोजून फवारले जाते. पण मुठीपासून निघालेली तार बहुतेक गाड्यांत अजून तीच आहे. आणि वऱ्हाडातल्या रस्त्यांवर माझ्यासारख्यांच्या जुन्या गाड्या काही थोड्या नाहीत.

असो. नोव्हेंबर सरत आला, थंडी पडू लागली, आणि सकाळी सातच्या कॉलेजला निघताना मूठ जड लागू लागली. पिळायला जड, सुटायला त्याहून जड. दुपारी परत येताना मात्र काही नाही. दोन-तीन दिवस हा लपंडाव चालल्यावर मी एका दुपारी राजापेठेकडच्या आमच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. मिस्त्री माझ्याच वयाचे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्यामुळे ते मला फार मान देतात, आणि या गोष्टीत तोच मान नडला.

“मिस्त्री, याचा वेगवर्धक परत येत नाही,” मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना उलगडा झाला. “रेस अटकते म्हना ना सर! कायले इतकं पुस्तकातलं बोलता?”

मराठीचा प्राध्यापक म्हणून मी कबूल करतो, की ‘वेगवर्धक’ हा शब्द कोशात शोभून दिसतो आणि गॅरेजात उपाशी मरतो. इंग्रजीतल्या ‘थ्रॉटल’चा मूळ अर्थ गळा दाबणे. यंत्राचा घसा आवळायचा नि सैल करायचा, म्हणून ते नाव. आमच्या लोकांनी त्या गळ्याच्या भानगडीत न पडता सरळ ‘रेस’ घेतली, आणि तिला ‘अटकते’ हे क्रियापद जोडून दिले. वऱ्हाडात ‘अडकते’ नाही, ‘अटकते’. त्या ‘ट’मध्ये जे अडकलेपण आहे ते ‘ड’मध्ये नाही, हे मला पुढे महामार्गावर पटले.

मिस्त्रींनी गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. त्यांची तपासणी पाहण्यासारखी होती. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळून सोडली, ‘टक्’. हँडल डावीकडे पूर्ण वळवून तेच, उजवीकडे वळवून तेच. तार कुठे दाबली जात असेल, तर ती हँडल वळल्यावर ओढली जाते आणि रेस परत येत नाही, म्हणून ही परीक्षा. मग इंजिन सुरू करून हँडल दोन्हीकडे फिरविले. आवाज वाढला नाही. मुठीचे रबर टोकाला घासते का, तेही बोट घालून पाहिले. मुठीला पिळण्याआधी थोडी मोकळीक, दोन-चार मिलिमीटरांची, असावी लागते, ती होती. सगळे ठाकठीक. अर्थात दुपारचे तीन वाजले होते, आणि गाडी उन्हात उभी होती.

मिस्त्रींनी मुठीजवळ नाक नेले. मग हात पुसत विचारले, “सर, तुमी यात काई टाकलं तं नाई ना?”

वाचकहो, त्या क्षणी ‘हो’ म्हणायला मला काय धाड भरली होती? पण गॅरेजात दोन पोरे उभी होती, त्यांतला एक माजी विद्यार्थी. त्यांच्यासमोर मराठीच्या सरांनी गाडीला खोबरेल लावले म्हणून सांगायचे?

“छे! मी कशाला काय टाकतो?” मी म्हणालो.

“मंग वायर बदलून टाकू काय? जुनी हाये.”

“राहू द्या. चालते आहे ना!”

आठवड्याने मी पुन्हा गेलो, पुन्हा दुपारीच. पुन्हा सगळे ठाकठीक, पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच उत्तर. डॉक्टरकडे पोचताच पोटदुखी थांबते, तशी ही गाडी गॅरेज दिसताच शहाणी होई. आणि रोग्याने डॉक्टरला काय खाल्ले ते सांगितलेच नाही, तर डॉक्टर बापडा करणार काय?

डिसेंबरात थोरलीची एक प्रवेशपरीक्षा होती. केंद्र अकोल्यास, वेळ सकाळी दहाची. एसटीने जायचे ठरले होते. पण मीच म्हणालो, “एसटी कशाला? मी सोडतो. दीड-दोन तासांचा तर रस्ता!” सौ. म्हणाली, “अहो, ती मूठ अडकते म्हणता ना?” मी म्हणालो, “मिस्त्रीने दोनदा पाहिली आहे.” हे वाक्य अक्षरशः खरे होते. यापरते खोटे मी आयुष्यात बोललो नसेन.

पहाटे साडेपाचला निघालो. पारा दहा-बारा अंशांवर असेल. बडनेरा मागे पडले, लोणी मागे पडली, पाठीमागून सूर्य वर आला आणि आम्हा दोघांची लांब सावली गाडीच्या पुढे पुढे पळू लागली. हा अमरावती-अकोला रस्ता एके काळी हाडे खिळखिळी करणारा म्हणून प्रसिद्ध होता. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. त्याचा आम्हा वऱ्हाडकरांना अभिमान आहे. पण असा सरळ, गुळगुळीत रस्ता मिळाला की माणूस मूठ एका जागी धरतो आणि अर्धा-अर्धा तास हलवीतच नाही. त्या सकाळी मीही तेच केले. साठचा वेग, मूठ एका जागी, आणि नळीतले तेल त्या गार वाऱ्यात निवांत थिजत असणार. खड्डे असते तर मूठ दर मिनिटाला हलली असती आणि गोष्ट लोणीलाच कळून चुकली असती.

दिवस कापसाचे. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस चिकटलेला. मूर्तिजापूर चार-पाच किलोमीटर राहिले असेल, तेवढ्यात पुढे चाललेली कापसाने टम्म भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली एका जिनाकडे वळण्यासाठी हळू झाली. मी मूठ सोडली.

गाडी हळू झाली नाही.

मी मूठ जोराने पुढे फिरविली. ती फिरली, पण हाताला काही लागलेच नाही. तार नुसती ढिली पडली होती, दट्टा वरच बसला होता. मी दोन्ही ब्रेक दाबले. इंजिन पुढे ओढते आहे आणि ब्रेक मागे, अशी रस्सीखेच सुरू झाली. आणि ट्रॉलीचा तो पांढरा ढीग असा मोठा मोठा होत आला. मग सवयीने डाव्या हाताने क्लच ओढला. इंजिनाने अशी किंकाळी फोडली की, पाखरे उडाली. पण गाडीवरचा त्याचा ताबा सुटला, ब्रेक लागले, आणि आम्ही थांबलो. ट्रॉलीचे फळकूट माझ्या पुढच्या चाकापासून दीड हातावर होते. मी हे मागाहून मोजलेले नाही. पण त्या फळकुटावरचे खिळे मला अजून आठवतात.

थांबलो खरे, पण सुटका झाली नव्हती. इंजिन ओरडतच होते. क्लच सोडावा तर गाडी ट्रॉलीत शिरणार; उजवा हात ब्रेकवरून काढवेना. दोन्ही हात गुंतलेले आणि चावी मधोमध. या गाडीला इंजिन बंद करायचे लाल बटण नाही. मला सुचेना. एवढ्यात माझ्या काखेखालून एक हात पुढे आला आणि त्याने चावी फिरविली. एकदम शांत झाले. इतके शांत की, जिनाच्या यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. “काय झालं जी?”

“रेस अटकली,” थोरली म्हणाली. मला बोलता येत नव्हते.

“बाप्पा!” एवढेच म्हणून त्याने गाडी बाजूला घ्यायला हात लावला.

हाकेच्या अंतरावर एक पंक्चरची टपरी होती. तिथवर आम्ही गाडी ढकलीत नेली. सांगून ठेवतो, कुणावर असा प्रसंग आलाच तर क्लच आणि ब्रेक दाबायचे आणि लाल बटण किंवा चावी ताबडतोब बंद करायची. चावी फक्त एक घर, हँडलला कुलूप लागेल इतकी पुढे नाही. मी सोळा वर्षे गाडी चालवितो, हे मला माहीत होते. माहीत असणे आणि हाताला आठवणे यांत किती अंतर असते, ते त्या दिवशी कळले.

टपरीवरचे मिस्त्री साठीचे. चहा उकळत होता. त्यांनी मूठ फिरवून पाहिली, आणि आमच्या राजापेठेच्या मिस्त्रींना जी संधी मिळाली नव्हती ती त्यांना मिळाली. रोग समोर हजर होता. त्यांनी आधी कार्बोरेटरकडचे टोक सोडविले. दट्टा बोटाने वर करून सोडला, तो खटकन खाली आला. म्हणजे दट्टा आणि स्प्रिंग निर्दोष. मग मुठीकडचे टोक सोडविले. नुसती मूठ भिंगरीसारखी फिरली. म्हणजे मूठही निर्दोष. उरली मधली तार. ती नळीत धरून ओढली, तर चिखलातून पाय काढावा तशी आली. मोठमोठ्या संशोधकांना जी पद्धत शिकवावी लागते, ती या गृहस्थांनी दोन पान्यांनी पाच मिनिटांत करून दाखविली.

“यात काय टाकलं?” त्यांनी विचारले.

मी तोंड उघडणार, तोच थोरली म्हणाली, “खोबरेल तेल.”

मी काय म्हणणार होतो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. ‘काही नाही’ असेच म्हणालो असतो, अशी भीती वाटते.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी ती नळी चहाच्या शेगडीजवळ, आच नुसती लागेल इतक्या अंतरावर धरली. थोड्या वेळाने खालच्या टोकातून काळपट थेंब गळू लागले आणि टपरीभर खोबऱ्याचा वास सुटला. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजते. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय वेणीला तेल मिळत नाही, हे घराघरातल्या पोरींना ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. दर हिवाळ्यात ती बाटली आमच्या गच्चीवर मीच नेऊन ठेवतो. फक्त ती बाटली आणि ही मोटारसायकल यांचा संबंध माझ्या डोक्यात कधी जुळला नाही. त्यात सोळा वर्षांची धूळ तेलात कालवली जाऊन तिची लेई झालेली. मिस्त्रींनी सांगितले की, जुन्या तारेला पातळ मशीनचे तेल चालते. हल्लीच्या बऱ्याच नळ्यांना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते, त्यांना तेही नको. आणि तार जड वाटू लागली की तेलाच्या नादी न लागता बदलावी, हे सगळ्यांत स्वस्त. नवी तार आणि मजुरी मिळून त्यांनी माझ्याकडून दोनशे रुपये घेतले. चहाचे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी मनाच्या समाधानासाठी मोठ्यांच्या चुका शोधल्या. टोयोटासारख्या कंपनीने २०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सुमारे २३ लाख मोटारी परत बोलावल्या. कारण पायाखालचा पेडल दाबला की परत येताना अटकण्याची शक्यता होती. हे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “त्यांनी कोणतं तेल घातलं होतं?”

पण मी पुढे गेलो. तार बसवून होईपर्यंत साडेसात वाजले. परीक्षेला वेळ भरपूर होता. मी गाडी सुरू केली, मूठ पिळून सोडली, ‘टक्’. थोरलीकडे पाहिले. ती दप्तर खांद्याला लावून रस्त्याच्या कडेला उभी होती. अकोल्याकडे जाणारी एसटी लांबून दिसत होती.

“बाबा, मी एसटीने जाते,” ती म्हणाली. “तुम्ही सावकाश या.”

रागावून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. पण ती अगदी साधेपणाने, मला वाईट वाटू नये इतक्या हळू म्हणाली. तिने हात केला, एसटी थांबली, ती चढली. बोरगाव मंजूपर्यंत मी त्या एसटीच्या मागे मागे चाळीसच्या वेगाने होतो. मग ती पुढे निघून गेली.

परीक्षा तिला चांगली गेली. निकालही चांगला लागला.

दुसऱ्या दिवशी मी राजापेठेत गेलो. गॅरेजात तीच दोन पोरे होती. त्यांच्यादेखत मी मिस्त्रींना सगळे सांगितले. खोबरेल, ड्रॉपर, ट्रॉली, काही वगळले नाही. ते पाना पुसत ऐकत राहिले.

“सर, वास तं मले पैल्याच दिवशी आला होता,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी नाई म्हनलं ना. आता पोराच्या मास्तरले, चार जनात, खोटं बोलता म्हनून कसं म्हनाव?” मग थोडे थांबून म्हणाले, “म्हनून तं वायर बदलून टाकू काय म्हनलं होतं.”